फटाक्यांचे फोटो दरवर्षी पांढरेफटक येतात? शटरला दोष देऊ नका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि मग पुन्हा दिवाळी पाडव्याच्या सकाळी माझ्या मोबाइलवर तेच फोटो येऊन पडतात. काळं आकाश, मधोमध पिठी सांडल्यासारखा पांढरा डाग, कडेला कुठंतरी जरासा गुलाबी रंग. खाली प्रश्नही ठरलेला: "दादा, शटर किती ठेवायला हवं होतं?"

दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे असं इथं होतं, म्हणून ते दरवर्षी परत येतं. फटाक्याची रेघ किती उजळ उमटणार हे शटर, म्हणजे उजेड आत येण्याची वेळ, ठरवत नाही. ते अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) ठरवतात. एका फोटोत किती फटाके येणार आणि मागचं आकाश किती उजळणार, एवढंच शटरच्या हातात असतं. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथंच मिटतात. उरलेल्यांची कारणं वेगळी आहेत, तीही पुढं घेतली आहेत.

घाईत असाल तर आकडे आधीच देतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११, शटर बल्बवर (बटण दाबून धराल तेवढा वेळ ते उघडं राहतं) आणि सोबत वायरचा रिमोट. फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) डेलाइट, फाइल रॉ (कच्ची, नंतर बदल करता येणारी). शंभरातल्या नव्वद ठिकाणी सुरुवात इथूनच करावी.

सगळं काही बरोबर, तरी पांढरं

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात कवठे एकंद आहे. दसऱ्याच्या रात्री तिथं सिद्धराजांच्या पालखीपुढं शोभेच्या दारूची आतषबाजी होते. एका वर्षी मी भाच्याला घेऊन गेलो होतो. एका ओळखीच्या घराची गच्ची मिळाली. भाच्याकडे साधा डीएसएलआर आणि किट लेन्स. अर्ध्या तासानं तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मामा, शटर दहावरून पाचवर आणलं, पाचवरून दोनवर आणलं, तरी पांढरंच येतंय."

त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा बघितला. फोटोखाली माहिती होती: एफ ४, आयएसओ ८००, २ सेकंद. रात्र आहे, अंधार आहे, म्हणून त्यानं अ‍ॅपर्चर उघडलं होतं आणि आयएसओ चढवला होता. लग्नाच्या हॉलमध्ये तेच केलं असतं तर मी शाबासकी दिली असती. पण एफ ४ आणि एफ ११ यांच्यात ३ स्टॉपचा फरक आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आयएसओ ८०० आणि १०० यांच्यात आणखी ३. एकूण ६ स्टॉप, म्हणजे हवा त्याच्या ६४ पट उजेड. शटर दहाचं दोन केल्यानं हा ढीग हलणार नव्हता.

आयएसओ १००, एफ ११ केलं आणि बल्बवर ठेवून रिमोट त्याच्या हातात दिला. औट (आकाशात जाऊन फुटणारा फटाका) वर निघाल्याची रेघ दिसली की दाब, फुटून ठिणग्या विझत आल्या की सोड, एवढंच सांगितलं. त्यानं दाबलं, मनात चार मोजले, सोडलं. पडद्यावर लालभडक फूल उमटलं होतं, प्रत्येक पाकळी सुटी, टोकाला बारीक होत गेलेली. खाली वर गेल्याची सोनेरी दांडी. तो बराच वेळ काही बोलला नाही, नुसता झूम करून एकेक पाकळी बघत राहिला.

असं का होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. रात्रीचा फोटो म्हणजे अंधाराचा फोटो, असं आपण धरून चालतो. पण आपण अंधाराचा फोटो काढत नसतो, जळणाऱ्या धातूचा काढत असतो. शिवाय ती ठिणगी धावत असते. सेन्सरवरच्या एखाद्या ठिपक्यावरून ती सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात निघून जाते. ती गेल्यावर शटर आणखी ५ सेकंद उघडं राहिलं काय किंवा २० सेकंद राहिलं काय, त्या ठिपक्याला जो उजेड मिळायचा तो मिळून गेलेला असतो.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री घरीच करून बघा. खोलीत अंधार करा, कॅमेरा टेबलावर ठेवा, उदबत्ती पेटवा. एफ ४, आयएसओ ४००, शटर ५ सेकंद. उदबत्तीनं हवेत एकदाच गोल काढा आणि ती पाठीमागं लपवा. मग शटर १० सेकंद करून त्याच वेगानं पुन्हा तसाच गोल काढा. दोन्ही गोल सारखेच उजळ दिसतील. आता अ‍ॅपर्चर एफ ११ करा, रेघ एकदम फिकी पडेल. (पहिलीच रेघ अंधुक वाटली तर आयएसओ थोडा वाढवा, उदबत्तीचं टोक फटाक्याएवढं तेजस्वी नसतं.) शेवटी एफ ४ वरच उदबत्ती ३ सेकंद एका जागी धरून मग गोल काढा. जिथं धरली होती तिथं जाड, जळलेला ठिपका येईल. हा शेवटचा ठिपका लक्षात ठेवा, भुईनळ्याच्या वेळी तो उपयोगी पडणार आहे.

आता एफ ११ हा आकडा कायमचा नाही. पहिला फटाका फुटताना उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मनात सेकंद मोजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंद लागले तर तुम्ही साधारण किलोमीटरभर लांब आहात. एवढं अंतर असेल आणि मध्ये धूसर हवा असेल तर एफ ८ चालतो. एका सेकंदाच्या आत धमाका ऐकू आला तर एफ ११, आणि पांढऱ्या, रुपेरी दारूचा मारा सुरू झाला तर एफ १६. त्याच्याही पुढं जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळं, म्हणजे फार लहान भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळं, रेघांची धार बोथट होते.

रंग गेले कुठं?

ही तक्रार पांढरेपणाचीच सख्खी बहीण आहे, पण तिची तपासणी वेगळी करावी लागते. फोटो मोठा करून एकाच रेघेकडे बघा. मधला गाभा पांढरा आणि दोन्ही कडांना रंगाची किनार असेल, तर उजेड जास्त झालाय. रंग तिथं होता, आपण तो जाळला. रेघ कडेपर्यंत पांढरीच असेल, तर फटाकाच पांढरा असू शकतो. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम जळताना पांढरा-रुपेरी उजेड देतात, त्यातून रंग काढता येत नाही.

लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा आणि निळा तांब्याचा. यातला निळा सगळ्यांत नाजूक. ज्या तांब्याच्या संयुगामुळं तो निळा दिसतो ते जास्त तापमानात टिकत नाही, म्हणून निळा आधीच मंद असतो आणि लालाच्या शेजारी तर बुडूनच जातो. निळ्या औटाचा चांगला फोटो मिळाला तर तो जपून ठेवा. लालाची गंमत उलटी आहे. उजेड वाढत गेला की तो आधी केशरी होतो, मग पिवळा, मग पांढरा. "लाल फटाका होता पण फोटोत पिवळा आला" असं कुणी म्हणालं की मी व्हाइट बॅलन्स बघत नाही, आधी अ‍ॅपर्चर बघतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर मात्र प्रत्येक फोटोत आकाशाचा रंग बदलत राहतो, कारण कॅमेरा दर वेळी नवा अंदाज बांधतो. डेलाइटवर किंवा ५२०० केल्विनच्या आसपास बांधून टाका. रॉ फाइल असेल तर नंतर हलवता येतंच.

हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) इथं फसवतो, कारण आकाश काळं असल्यानं सगळा डोंगर डावीकडेच असतो. त्याऐवजी हायलाइट अलर्ट सुरू करा. जळलेला भाग पडद्यावर लुकलुकतो. फुलाचा अगदी मधला ठिपका लुकलुकला तर चालेल. पाकळ्या लुकलुकू लागल्या की अ‍ॅपर्चर एक घर पुढं.

भुईनळा आणि फुलबाजी यांचं गणित उलटं

शटरचा फरक पडत नाही असं मी वर सांगितलं, ते आकाशातल्या फटाक्याबद्दल. भुईनळ्याला ते लागू नाही. औटाची ठिणगी एकदा जाते आणि संपते. भुईनळ्याच्या तोंडाशी मात्र त्याच जागेवरून ठिणग्यांमागून ठिणग्या निघत असतात. तो उदबत्तीचा स्थिर धरलेला ठिपका आहे. तिथं ५ सेकंद उघडलंत तर पांढरा खांब मिळेल. अर्धा सेकंद पुरे, जोरदार असेल तर पाव. दोन खांबांमध्ये बांधलेल्या धबधब्यालाही हाच नियम. भुईचक्राला अर्धा ते एक सेकंद, म्हणजे एक-दोन फेऱ्या पूर्ण होतात आणि गोल बंद होतो.

फुलबाजी घेतलेल्या मुलाचा फोटो हा तर खरं म्हणजे माणसाचाच फोटो आहे. तिथं चेहरा महत्त्वाचा, म्हणून शटर १/६०, अ‍ॅपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं, आयएसओ ८०० ते १६००. फ्लॅश नको. फुलबाजीचा पिवळा उजेड गालावर पडतो तोच तर फोटो आहे. फुलबाजी तोंडासमोर नको, थोडी बाजूला आणि छातीच्या उंचीवर, अंतर हातभर. मूल सुती कपड्यात असावं, आणि भुईनळ्यावर कॅमेरा घेऊन कुणीही वाकू नये. फुसका वाटलेला भुईनळा दोन मिनिटांनीही उसळतो.

फोकस गेला की कॅमेरा हलला?

"फोटो ब्लर आलाय" एवढंच सांगून उपयोग नाही, कारण या दोन रोगांची औषधं वेगळी आहेत. फोटोत कुठं रस्त्यावरचा दिवा आलाय का बघा. दिवा गोल थाळीसारखा पसरला असेल तर फोकस चुकलाय. दिव्याची अळी झाली असेल, म्हणजे तो वळवळत गेलेला दिसत असेल, तर कॅमेरा हलला. आणि दिवा टोकदार आहे पण ठिणग्यांच्या रेघा एका बाजूला वाकल्यात, तर तो वारा. त्यात तुमची काही चूक नाही, मला स्वतःला तर त्या वाकलेल्या रेघा आवडतात.

फोकससाठी सगळे लेन्स फिरवून इन्फिनिटीच्या, म्हणजे अगदी लांबच्या अंतराच्या, खुणेला टेकवतात. ऑटोफोकसच्या बऱ्याच लेन्सची रिंग खऱ्या इन्फिनिटीच्या पुढंही थोडी जाते, त्यामुळं टोकाला टेकवलं की सगळंच मऊ येतं. त्यापेक्षा फटाके सुरू व्हायच्या आधी लांबच्या एखाद्या दिव्यावर ऑटोफोकस करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये १० पट मोठं करून खात्री करा आणि मग लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा. कागदी चिकटपट्टीचा तुकडा रिंगवर लावून टाका, अंधारात हात लागतोच. नंतर झूम बदललंत तर फोकस पुन्हा बघा. लेन्स २४ मिलिमीटर आणि अ‍ॅपर्चर एफ ११ असेल, तर लांबच्या दिव्यावर फोकस केल्यावर चार-पाच पावलांपासून पुढचं बहुतेक सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. म्हणून वाइड लेन्सवर तक्रार आली की मी आधी हलण्याचाच संशय घेतो.

हलण्याचं कारण बहुतेक वेळा ट्रायपॉड नसतो, त्याच्या खालची जागा असते. गच्चीवर वीस माणसं, पोरं उड्या मारतायत, औट फुटला की सगळे एकदम कठड्याकडे धावतात, आणि स्लॅब थरथरतो. कोपऱ्यात, खाली कॉलम असेल अशा जागी उभं राहा. मधली दांडी वर काढू नका. कॅमेऱ्याचा पट्टा सोडून खिशात ठेवा, वाऱ्यात तो फडफडतो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (निकॉनमध्ये व्हीआर, कॅननमध्ये आयएस) बंद करा, ट्रायपॉडवर ते कधीकधी स्वतःच चित्र सरकवतं. २ सेकंदांचा टायमर स्थिर वस्तूंसाठी ठीक आहे, फटाक्याला नाही. दोन सेकंदांत औट फुटून जातो. साधा वायरचा रिमोट घ्या, या कामासाठी त्याच्याइतकी उपयोगी खरेदी दुसरी नाही.

एक फोटो काढला की कॅमेरा अडकतो

हे नेमकं आतषबाजी रंगात असताना होतं आणि माणूस हताश होतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. मेन्यूमध्ये लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन सुरू असतं. ५ सेकंदांचा फोटो काढला की कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो आतल्या आत काढतो आणि त्यावरून नॉइज, म्हणजे नको असलेले दाणे, वजा करतो. तेवढा वेळ बटण चालत नाही, म्हणजे अर्धी आतषबाजी हातची जाते. बंद करून टाका. आयएसओ १०० वर चार-पाच सेकंदांत त्याची गरजच पडत नाही.

जिथं काही फुटलंच नव्हतं तिथं फोटोत हिरवे ठिपके दिसतात, तेही इथंच सांगतो. लेन्सपुढच्या यूव्ही फिल्टरमध्ये उजेड उलटसुलट आदळून ते येतात. फिल्टर काढा, हूड लावा.

धूर

यावर कॅमेऱ्यात औषध नाही, आणि बहुतेक लोक इथंच सगळ्यात कमी लक्ष देतात. फटाक्यांनी उजळलेला धूर मागं दुधाळ ढगासारखा पसरतो आणि पाकळ्यांच्या मधली काळी जागा भरून टाकतो. फोटो जास्त उजळ झालाय असं वाटून आपण अ‍ॅपर्चर मिटत राहतो, रेघा फिक्या होतात, ढग मात्र तिथंच.

वारा आधी शोधायचा. मी उदबत्तीचा पुडा याही कामासाठी पिशवीत ठेवतो. एक पेटवून धूर कुठं जातो बघायचं. धूर डावीकडून उजवीकडे किंवा उलट जात असेल तर जागा उत्तम, तो फ्रेमच्या बाहेर निघून जातो. वारा आपल्या पाठीकडून फटाक्यांकडे जात असेल तरी चालतं. फटाक्यांकडून आपल्या तोंडावर येत असेल तर जागा बदला, ती गच्ची कितीही छान असली तरी. दिवाळीच्या दिवसांत पाऊस सरलेला असतो, संध्याकाळी वारा पडतो, थंड हवा खाली बसते आणि धूर तिथंच घुटमळतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली, त्यामुळं शहरात सगळा धूर त्याच दोन तासांत साठतो. लक्ष्मीपूजनाला आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत जे मिळतं ते साडेनऊला कुठलाही कॅमेरा देणार नाही. पावणेआठला फोकस लावून तयार राहा.

धूर दाटलाच तर शटरचा वेळ कमी करा, दीड-दोन सेकंद. ठिणग्यांच्या रेघांचा उजेड तेवढाच राहतो, पण एका जागी राहून सतत उजळणाऱ्या धुराचा उजेड कमी साठतो. एक जुनी युक्तीही आहे. शटर बल्बवर उघडंच ठेवायचं आणि लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा. औट फुटताना पुठ्ठा काढायचा, विझला की परत धरायचा. असे तीन औट एका फोटोत वेगवेगळ्या जागी बसवता येतात आणि मधल्या वेळेचा धूर आत येत नाही. तीनच. हाव धरून सात-आठ घेतले की रेघांवर रेघा चढतात आणि मधोमध पुन्हा तोच पांढरा डाग.

फक्त मोबाइल असेल तर

मोबाइलच्या मुख्य लेन्सचं अ‍ॅपर्चर बहुधा मिटत नाही. ते एफ १.८ च्या आसपास कायमचं उघडं असतं, म्हणजे आपलं मुख्य हत्यारच हातात नाही. नाइट मोड आधी बंद करा. तो बरेच फोटो एकावर एक बसवून एक करतो आणि धावणाऱ्या रेघा तुटक करून टाकतो. प्रो मोड असेल तर आयएसओ सगळ्यात खाली (बऱ्याच फोनमध्ये ५०), शटर १ सेकंद, फोकस डोंगराच्या खुणेवर. तरीही रेघा पांढऱ्याच येत असतील तर लेन्ससमोर काळ्या गॉगलची काच टेकवून धरा. ऐकायला विचित्र वाटतं, पण ती काच दोन-तीन स्टॉप उजेड खाते आणि रंग परत येतात. काच आधी पुसून घ्या. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो सुरू ठेवा, आकाशावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, सूर्याची खूण खाली ओढा आणि नंतर त्या फोटोला लाँग एक्स्पोजर लावा. फोन हातात धरू नका. कठड्यावर दोन विटांच्या मध्ये उभा करा आणि ३ सेकंदांचा टायमर लावा. औट एकामागून एक सुटत असतील तर नेम साधतो.

शेवटच्या दणक्याआधी

आतषबाजीच्या शेवटी सगळं एकदम सोडतात, आणि रात्रभर नीट चाललेलं सेटिंग नेमकं त्या अर्ध्या मिनिटात फसतं. एकाच जागी दहा-बारा औट फुटतात, त्यांच्या रेघा एकमेकींवर पडतात, उजेडाची बेरीज होते. गर्दीतून आरडाओरडा वाढला, दारू उडवणारी माणसं मागं सरकली, की अ‍ॅपर्चर एफ १६ करायचं आणि रिमोट चार मोजेपर्यंत न दाबता दीडच मोजायचं. कॅमेरा आडवा न ठेवता उभा करून घ्या, आणि वर जागा सोडा. शेवटचे औट आधीच्यांपेक्षा उंच जातात आणि वरून कापले गेले की कापलेच गेले. त्या वर्षी कवठे एकंदला भाच्यानं तीन फोटो काढले तेव्हा पहिल्या दोनांत फुलं वरून छाटली गेली होती. तिसऱ्याला त्यानं ट्रायपॉडचं डोकं बोटभर वर केलं.